हसेल त्यानं सतरंजी झटकावी

निकाळजे मामांच्या वहीत माझ्या नावावर अकरा प्रश्न आहेत. नावावर म्हणजे 'गोंदिया' या नावावर. मामा कुणालाच नावानं हाक मारत नसत, आडनावानं तर नाहीच. जो ज्या गावचा, तेच त्याचं नाव. मी गोंदिया. एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीला असलेला उंच, मिशीवाला गडी होता, तो सोयगाव. एका वर्षी कन्नडच्या दोघीजणी निघाल्या, तर एक कन्नड झाली आणि दुसरी 'घाटाखालचं कन्नड'. ती बिचारी घाटाच्या वरचीच होती, पण मामांनी ठरवलं म्हणजे ठरलं.

वही दोनशे पानी, वर खाकी कागदाचं कव्हर, आणि आत फक्त प्रश्न. उत्तर एकही नाही. मी एकदा विचारलं, असं का? तर म्हणाले, "उत्तरं पुस्तकात छापून येत्यात. प्रश्न कोण छापतंय? लिहून नाय ठेवले तर हरवत्यात."

मामा वाळूजच्या एका कंपनीत तीस वर्षं क्रेन चालवून रिटायर झालेले. बजाजनगरात आमच्या मागच्या गल्लीत राहायचे. रविवारी सकाळी विहारात वंदना झाली, की विझलेल्या मेणबत्त्यांचा वास हवेत असतानाच दोन मोठ्या सतरंज्या अंथरल्या जायच्या आणि आमचा वर्ग भरायचा. आम्ही म्हणजे शाळा अर्धवट सोडलेली आणि आता सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसणारी मोठी माणसं. इंग्रजी-गणिताला कॉलेजातली एक मुलगी यायची. विज्ञान मामांकडं. मामा स्वतः असेच बाहेरून दहावी झालेले, तेही तिसऱ्या खेपेला, आणि आधीच्या दोन्ही खेपांना विज्ञानातच गेलेले. "ज्यानं मला दोनदा पाडलं, त्याला माझ्याइतकं कोण वळखतंय?" असं सांगायचे, आणि सांगताना छाती पुढं काढायचे.

मी आठवी करून शाळा सोडलेली. पुढची शाळा नाल्यापलीकडं होती आणि आई अंथरुणावर, एवढंच कारण. लग्नानंतर नवऱ्याला इकडं काम लागलं म्हणून महाराष्ट्राच्या त्या टोकावरून वाळूजला आले. पत्रे दाबून पार्ट काढणाऱ्या प्रेस शॉपमध्ये हेल्पर लागले. त्या वर्षी कंपनीनं सांगितलं, की बायकांनाही क्रेनचं ट्रेनिंग देणार, पण दहावी पास पाहिजे. मी हेल्पर होते तीही पुढच्या ब्रेकपर्यंतच; सात महिने भरले की कंपनी आम्हा हेल्परांना कामावरून कमी करायची. दर वेळी एकच काळजी, की आता परत घेतात का नाही. दहावीचा कागद मिळाला असता तर ती काळजी गेली असती. आणि त्या कागदाच्या नि माझ्यामध्ये विज्ञानाचं पुस्तक उभं होतं.

पुस्तकापेक्षा मला भीती होती ती विचारण्याची. माझं बोलणंच इथं लोकांना वेगळं लागायचं. 'का' म्हणायच्या जागी तोंडातून 'कायले' निघालं, की सगळी लाइन दिवसभर एकमेकांना 'कायले, कायले' करायची. म्हणून मी न विचारणं शिकून घेतलं होतं. पहिले चार रविवार मी सतरंजीच्या कडेला बसून नुसती मान हलवली.

पाचव्या रविवारी मामांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "गोंदिया, तुला सगळंच कळायलंय. म्हंजे तुला कायबी कळंना."

मग मी विचारलं. थंडीचे दिवस होते. फर्स्ट शिफ्टला जिन्याचा लोखंडी कठडा धरला की हात गोठायचा, आणि बाजूच्या लाकडी पेटीला हात लावला तर काहीच नाही. मी म्हटलं, "लोखंड थंड का असतं, आणि लाकूड का नसतं?"

सोयगाव फिस्सकन हसला. "आता लोखंड थंड नसंल तर काय शेकोटी असंल का, ताई?"

मी मान खाली घातली. मामांनी वही बंद केली, चष्मा काढला आणि अगदी प्रेमानं म्हणाले, "सोयगाव, ऊठ."

तेव्हा मला वर्गाचा एकुलता एक नियम कळला. प्रश्नावर जो हसेल त्यानं वर्ग संपल्यावर दोन्ही सतरंज्या अंगणात नेऊन झटकायच्या. सोयगावला हे नवीन नव्हतं. तो सोयगावकडच्या चांगल्या जमीनदार घरातला, गावाकडं दारात ट्रॅक्टर, आणि इथं विहाराच्या अंगणात दर आठवड्याला सतरंजी झटकायचा. म्हणायचा, "मामा, आमच्या आज्यानं बगितलं आसतं तर मेला आसता." मामा म्हणायचे, "मग हसत जाऊ नको." पण त्याचं तोंडच तसं होतं, हसल्याशिवाय राहायचं नाही.

पुढच्या रविवारी मामा घरून एक जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची ताटली, एक लाकडी पोळपाट आणि डब्यात बर्फाचे दोन खडे घेऊन आले. एक खडा ताटलीवर, एक पोळपाटावर. "बोला, आधी कोणता वितळणार?"

"पोळपाटावरचा," सोयगाव म्हणाला. "लाकूड उबदार असतंय."

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि आमच्या डोळ्यांदेखत ताटलीवरचा बर्फ तव्यावरच्या तुपासारखा पसरत गेला. पोळपाटावरचा आपला ढिम्म.

"ही दोघं रातभर एकाच घरात झोपलीत," मामा म्हणाले. "एक थंड अन् एक गरम कसं असंल? दोघं सारखेच. फरक इतकाच, की धातू ऊब लवकर इकडची तिकडं करतोय. बर्फाला आणून देतोय, अन् तुझ्या हातातली पळवतोय. थंड लोखंड नसतंय, गोंदिया. थंड तुझा हात व्हायलाय."

एवढ्यात दारात मामी आल्या. शांतामामी. "माझं पोळपाट!" त्या ओरडल्या. "पीठ मळून बसलेय मी तिकडं, अन् हे ह्याच्यावर बर्फ ठेवायलेत. उद्या मलाच क्रेनला टांगतील." मामांच्या विज्ञानात मामींचा वाटा हा असा होता. लाटणं, गाळणी, कुकरची शिट्टी, सगळं त्या घरातून रविवारी गायब व्हायचं आणि मामी ते शोधत विहाराच्या दारापर्यंत यायच्या. दाराच्या आत मात्र कधी नाही. "मी कुठं शिकलेली," म्हणायच्या.

मामांना स्वतःला सगळं यायचं असं मुळीच नाही. आकडेमोडीत तर ते आमच्याहून कच्चे. भागाकार करताना जीभ बाहेर काढायचे. लिहायचे डाव्या हातानं, अक्षरं वाऱ्यातल्या ज्वारीसारखी एका बाजूला कललेली. उजव्या हाताभोवती कायम एक पांढरा टॉवेल गुंडाळलेला असायचा, घाम पुसायला असेल असं मला वाटे. चहा बशीतूनच प्यायचे आणि कुणी 'सोपं आहे' म्हटलं की चिडायचे. "सोपं आसतं तर लोकांनी दोन हजार वर्षं डोकं खाजवलं आसतं का? कळल्यावर सोपं. त्याच्या आधी नाय."

त्यांना कुठंही शिकवायची खोड होती. एकदा आम्ही तिघं, मामा, सोयगाव आणि मी, फॉर्मच्या कामासाठी सिटी बसनं शहरात निघालो. बस भरलेली. ड्रायव्हरनं कचकन ब्रेक मारला आणि मामा थेट कंडक्टरच्या अंगावर गेले. कंडक्टर म्हातारा, पानाचा तोबरा भरलेला. मामा सावरायच्या आधीच त्याला विचारतायत, "मला ढकललं कुणी?"

"किसीने नै ढकेला, चाचा. ब्रेक मारा ना उसने."

"ब्रेक तर गाडीला मारला. माझ्या पाठीला कुणाचा हात लागला का?"

"अरे चाचा, पैले डंडा पकडो, फिर सवाल पूछो!"

सगळी बस हसायला लागली. मामा दांडा धरून आम्हा दोघांकडं वळले, "ढकललं कुणीच नाय. गाडी थांबली, मी थांबलो नाय. मी आपला चाललोच होतो. थांबवायला मला बी ब्रेक लागतोय, तो मला हे चाचा लागले." कंडक्टरला हे इतकं पटलं, की पुढच्या ब्रेकला तो स्वतःच मोठ्यानं म्हणाला, "देखो, बस रुकी, पब्लिक नै रुकी!" उतरताना सोयगाव म्हणाला, "मामा, आख्ख्या बसला सतरंजी झटकायला लावा की." मामा म्हणाले, "ते माझ्या पडण्यावर हसले. पडण्यावर हसायला मुभा हाय. प्रश्नावर नाय."

एक प्रश्न मात्र त्यांना अडला. विचारला घाटाखालच्या कन्नडनं. "बटण बंद केल्यावर खोलीतला उजेड कुठं जातो? दार तर लावलेलं असतं." त्या दिवशी सोयगावसुद्धा हसला नाही, कारण तो विचारात पडला होता. मामांनी प्रश्न वहीत लिहिला आणि म्हणाले, "मला ठाऊक नाय." हे शब्द मी तोवर कुठल्या शिकवणाऱ्याच्या तोंडून ऐकले नव्हते. आठवडाभरात मामा इस्त्रीचा शर्ट घालून शहरातल्या कॉलेजात गेले आणि तिथल्या एका प्राध्यापकांना दोन तास वाट बघून गाठलं. पुढच्या रविवारी आम्हाला उत्तर मिळालं: उजेड भिंतींवर आपटत राहतो, दर वेळी भिंती त्यातला थोडा पिऊन घेतात, डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळा संपतो, आणि भिंती कळेल न कळेल इतक्या गरम होतात.

वर्ग सुटल्यावर आम्ही बघतो तर मामा स्वतःच सतरंजीची घडी उचलतायत.

"मामा, तुम्ही कुठं हसला?"

"सर हसले," मामा म्हणाले. "चांगले हसले, मग सांगितलं. आता येवढा मोठा माणूस, त्याला रविवारी इथं कुठं बोलावू? त्यांच्या वतीनं झटकून टाकतो."

परीक्षा दीड महिन्यावर आली तेव्हाची गोष्ट. मी आता बरी बोलायला लागले होते, थोडी जास्तच. कंपनीत आम्ही क्रेनच्या खाली काम करायचो. वरून साखळीला दीड टनाचा डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा लोखंडी साचा, लटकत यायचा आणि आम्ही तो हातानं ढकलून जागेवर फिरवायचो. हळूहळू ढकलला तर एका बोटानंही सरकतो. मला त्याची मोठी गंमत वाटायची. त्या आठवड्यात डाय झुलत खांबाकडं निघाला होता, मी पुढं होऊन दोन्ही तळवे लावून त्याला थांबवायला गेले होते आणि ऑपरेटरनं वरून शिवी हासडून क्रेन ओढून घेतली होती. मला त्याचा रागच आला होता. रविवारी मी वर्गात हे फुशारकीनं सांगितलं. वरून शास्त्रही जोडलं, "वजन तर सगळं साखळीनं घेतलं. हाताला काहीच लागत नाही. मग थांबवायला काय जड?"

सोयगाव म्हणाला, "बराबर हाय की. दीड टनाला एक बोट!"

मामांनी वही उघडली, अगदी पहिलं पान, आणि माझ्या पुढ्यात ठेवली. वर एकच प्रश्न होता:

'टांगलेल्या मालाचं वजन हाताला लागत नाही. मग तो हातानं थांबत का नाही?'

पुढं विचारणाऱ्याचं गाव. वैजापूर. मामा वैजापूरकडचे.

"कामाला लागलो त्याच्या पहिल्या महिन्यात हा प्रश्न मला पडला," मामा म्हणाले. "विचारणार होतो साहेबाला. पण त्याच्या आदल्या दिवशी दुसरं कायतरी विचारलं तर सगळं शॉप हसलं होतं. म्हटलं, जाऊ दे. आपलं आपणच बघू." त्यांनी उजव्या हातावरचा टॉवेल सोडला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मुळापासून नव्हतं. "मग बघितलं."



"प्रेसमध्ये गेली आसतील आसं मला वाटायचं," सोयगाव हळू म्हणाला.

"सगळ्यांना तसंच वाटतंय. मी बी सांगत नाय. क्रेन चालवणाऱ्याची बोटं क्रेननं खाल्ली म्हणजे लाजच की." आणि पुन्हा नेहमीच्या आवाजात, "चला, उठा. पाण्याचे जार आणा. दोन. एक रिकामा, एक भरलेला."

विहाराच्या अंगणातल्या झाडाला दोन दोऱ्यांनी दोन जार टांगले. मामांनी मला समोर उभं केलं. रिकामा जार मागं ओढून सोडला. मी एक बोट लावलं, थांबला. भरलेला तेवढाच ओढून सोडला. मी एक बोट लावलं आणि दोन पावलं मागं जाऊन सोयगावच्या बुटावर पाय दिला.

"वजन तर दोरीनं घेतलं होतं ना?" मामांनी विचारलं. "दोन्हीकडचं. मग हा का नाय थांबला?"

मी बोट चोळत होते.

"वजन म्हंजे पृथ्वीची ओढ. ती दोरी घेती, साखळी घेती, जमीन घेती. पण माल किती भरलाय, ते कोण घेणार? वस्तुमान. ते ज्याचं त्याच्याजवळच राहतंय. टांगा, पाण्यात बुडवा, चंद्रावर न्या. हलवायला जड, अन् एकदा हललं की थांबवायला जड. बसमधला मीच तो. दीड टनाचा." थोडं थांबून म्हणाले, "म्हणून तर मी आडनाव विचारत नाय. आडनावाचं वजन हाय; या गल्लीत येक, त्या गल्लीत येक. माणसात माल किती, ते कुठंबी नेलं तरी तेवढंच."

त्या दिवशी कुणी हसलेलं नसताना सतरंज्या सोयगावनंच झटकल्या.

परीक्षेत वजन आणि वस्तुमान यांतला फरक आला. मी तीन ओळींच्या जागी दीड पान लिहिलं; त्यात जारही होता. विज्ञानात काठावर का होईना, पास झाले. निकालाचा कागद घेऊन मामांकडं गेले तर बशीतला चहा फुंकत म्हणाले, "काठावर? मग माझ्याहून बरी. मी दोनदा काठाच्या अलीकडं पडलोय."

ट्रेनिंगला निवडताना कंपनीतल्या सुपरवायझरनं मला क्रेनच्या बटणांचा डबा हातात देऊन विचारलं, "लोड झुलायला लागला तर काय करशील?" मी म्हटलं, "आधी माझा हात मागं घेईन, मग खालच्यांचा मागं घ्यायला लावीन. मग लोड जिकडं जातोय तिकडंच क्रेन हळूच नेईन, म्हणजे ती त्याच्या डोक्यावर येईल आणि झुलणं मरेल." तो काही लिहून घेऊ लागला. मला राहवलं नाही. म्हटलं, "साहेब, एक विचारू? ही साखळी किती टनाची आहे, आणि ते तिच्यावर कुठं लिहिलंय?" तो हसला नाही. मग तोही माझ्याबरोबर साखळीवरची टनांची चिठ्ठी शोधायला लागला. आज मी त्याच शॉपमध्ये क्रेन चालवते. सात महिन्यांची काळजी गेली. बाकीच्या काळज्या आहेत; गॅस बंद केला का ते अजून दोनदा बघते.

मामींचे गुडघे गेले तेव्हा दोघांनी बजाजनगरातलं जिन्याचं घर सोडून वैजापूरकडं गावी राहायला जायचं ठरवलं. त्यांचा शेवटचा रविवार होता. मी वर्गात बसण्याचं काही कारण उरलं नव्हतं, तरी बसले होते. सोयगावही होता, तो गणितात राहिला होता. पृथ्वी फिरते तो धडा चालला होता. मामी नेहमीसारख्या दारात, या वेळी काही शोधायला नाही, सामान बांधून झालं हे सांगायला. सांगितलं आणि तिथंच घुटमळल्या.

"मी इचारू का एक?" त्या म्हणाल्या.

"आत या मामी," मी सरकून जागा केली. त्या चप्पल काढून आत आल्या, सतरंजीवर बसल्या, पदर सारखा केला.

"एवढी पृथ्वी गरागरा फिरती म्हणता. मग मी पोळी उडवून उलटी करते, तवर तवा तर पुढं जात आसंल की. पोळी भिंतीवर का नाय पडत? तव्यावरच कशी पडती?"

सोयगाव फुटला. आणि त्याच्या मागोमाग मामा हसले. पोटापासून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, इतक्या वर्षांत आम्ही कधी बघितलं नव्हतं असे हसले. हसता हसता त्यांच्या लक्षात आलं, की सगळा वर्ग त्यांच्याकडं बघतोय.

मामांनी तोंड पुसलं. वही उघडली, माझ्याकडं सरकवली आणि म्हणाले, "लिही. शेवटच्या पानावर. पूर्ण लिही, पोळीसकट." मी लिहिलं. गावाच्या जागी काय लिहू म्हणून मामींकडं बघितलं. त्यांनी आपल्या माहेरचं गाव सांगितलं. मग मामांनी त्यांना बसची गोष्ट सांगितली, की पोळीसुद्धा तव्याबरोबर आधीपासून धावतच असते, हवेत गेली म्हणून थांबत नाही. मामी म्हणाल्या, "हे पोळपाट नेतानाच सांगितलं आसतं तर?"

वर्ग सुटला. मामा उठले, सतरंजी उचलली आणि अंगणात गेले. दुसरं टोक सोयगावनं धरलं. तोही हसला होता. कोवळं ऊन होतं. दोघं झटकत होते आणि धुळीचे ढग उठून खाली यायचं नाव घेत नव्हते. मामांच्या उजव्या हातातून दर झटक्याला टोक निसटायचं, तीन बोटांत ते राहत नव्हतं. ते वाकून पुन्हा उचलायचे, पुन्हा झटकायचे. मला बघवेना. मी पळत गेले आणि त्यांच्या बाजूचं टोक धरायला हात पुढं केला.

"तू नको, गोंदिया," मामा म्हणाले आणि टोक आपल्याकडं ओढून घेतलं. "तू कुठं हसलीस?"